अठरा वाव दोर

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. नवा होतो तेव्हा संत्र्याच्या सालीसारखा नारिंगी होतो. आता उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने माझा रंग पार उतरला आहे. बंदराच्या जुन्या धक्क्याच्या टोकाला एक लाकडी खांब आहे. त्यावर मी वेटोळे करून टांगलेला असतो. माझे एक टोक त्या खांबाला बांधलेले आणि दुसऱ्या टोकाला एक लाल-पांढरी फुगीर रिंग. पाण्यात पडलेल्या माणसाकडे फेकतात ना, तीच. धक्क्यावरची मंडळी तिला कौतुकाने 'बांगडी' म्हणतात. मला मात्र कोणी कधी लाडाचे नाव ठेवले नाही. दोर तो दोरच. बांगडी फेकून झाली की तिचे काम संपते आणि माणसाला ओढून आणण्याचे काम माझ्या गळ्यात पडते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे एका बाजूने धागे निघायचे आणि दुसऱ्या बाजूला दोर होऊन बाहेर पडायचे. माझे तीन पेड एकमेकांत पिळले जात असताना तिथली एक तपासनीस बाई प्रत्येक हातभर अंतरावर मला चिमटीत धरून बघत होती. एके ठिकाणी पीळ ढिला होता. तिने मला सगळाच्या सगळा उलगडायला लावला. यंत्रावरचा माणूस कुरकुरला तेव्हा ती म्हणाली, "ह्याच्यावर उद्या माणूस लटकणार आहे. तुझी वैरण बांधायची नाहीये." मला तेव्हा तिचा राग आला होता. पुन्हा पिळून घ्यायला कोणाला आवडते? पण मी आज जो काही टिकून आहे तो त्या बाईच्या खडूसपणामुळेच.

धक्क्यावर मला आणले ते गळाने मासे धरणाऱ्या मंडळींनी. त्याचे असे झाले. शरद ऋतू लागला की किनाऱ्याजवळचे पाणी गार होऊ लागते. बारीक मासळी थव्याथव्याने कडेला येते आणि तिच्या मागे लागून मोठे रुपेरी मासे येतात. वर्षातून सहा आठवडेच ते येतात, म्हणून मंडळी त्या माशाला 'पाहुणा' म्हणतात. त्या सहा आठवड्यांत धक्का गजबजून जातो. पण धक्का बंदराचा. एका वर्षी बंदराच्या साहेबांनी धक्क्यावर साखळी लावली आणि सांगितले, "इथे कोणी पडलं तर जबाबदार कोण?" मंडळींनी अर्ज केले, हेलपाटे घातले, शेवटी साहेब एका अटीवर राजी झाले. धक्क्यावर बांगडी आणि दोर ठेवायचा आणि त्याची देखभाल मंडळींनी स्वतः करायची.

मग माझी लांबी ठरली. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत जे अंतर होते, त्याला वाव म्हणतात. धक्क्याच्या टोकापासून समोर पाण्यात एक खडकांची रांग आहे, ओहोटीला तिचे दात दिसतात. तिथपर्यंतचे पाणी सतरा वाव. ताकदवान हात बांगडी फेकून फेकून सहा-सात वावांपर्यंत फेकील, पण पुढे ओहोटी तिला स्वतःच वाहून नेते, पडलेल्या माणसाच्या मागोमाग. म्हणून सतरा वाव पाण्याचे आणि एक वाव हातात धरायला, असा मी अठरा वाव.

खांबाखाली पत्र्याची एक पाटी लावली होती. दर शनिवारी ज्याची पाळी असेल त्याने बांगडी आणि दोर बघायचा आणि पाटीवर खडूने 'ठीक' असे लिहायचे. सुरुवातीला माझा केवढा मान होता. मला गोड्या पाण्याने धुवायचे, सावलीत वाळवायचे. बांगडीवरचे कापड फाटले तेव्हा टेलरताईने ते घरी नेऊन जाड सुईने शिवून आणले होते.

ही टेलरताई कोण ते सांगतो. बाजारपेठेत तिचे शिवणकामाचे छोटे दुकान आहे. दिवसभर मशीन चालवायची आणि दुपार कलली की गळाची काठी खांद्यावर टाकून धक्क्यावर यायची. गळ फेकण्यात तिचा हात कोणी धरत नसे. पाण्यात तरंगणारा नारळाएवढा गोळा दाखवा, ती गळाचे वजनी शिसे नेमके त्याच्या पलीकडे टाकून दाखवील. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा बसचालक. तो तिचा दाजी, आणि तिने हाक मारता मारता तो अख्ख्या धक्क्याचा दाजी झाला. वयाने त्याच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले घड्याळदुरुस्तीवाले अण्णासुद्धा त्याला दाजीच म्हणत. दाजी आणि मेहुणी, दोघांची तोंडे दिवसभर चालू. "मेहुणीबाई, आज तरी मासा धरणार, की नुसतं पाणी शिवून ठेवणार?" असे तो विचारायचा आणि ती म्हणायची, "तुम्ही आधी बस वेळेवर आणा दाजी, मासे आपोआप येतील."

आता जे सांगायचे आहे ते सांगताना माझा पीळ आवळतो.

पहिला तुकडा दाजींनी कापला. त्यांच्या माशांच्या पेटीचे झाकण वाऱ्याने सारखे उघडत होते. त्यांनी इकडेतिकडे बघितले, खांबाकडून माझा एक वाव मोजला, चाकू फिरवला आणि मला पुन्हा खांबाला बांधून टाकले. "अठरातला एक गेला तर काय बिघडतंय," असे स्वतःशीच पुटपुटले. वाईट हेतू मुळीच नव्हता. नंतर मंडळींतल्याच पोस्टमनने सायकलच्या मागे मासे बांधायला एक वाव नेला आणि तो झिजल्यावर आणखी एक. अण्णांचे घडीचे स्टूल मोडले होते, त्याचे पाय आवळायला त्यांनी एक वाव घेतला. दोन तुकडे कोणा परक्या माणसांनी नेले, त्यांची ओळख मला नाही. आणि प्रत्येकाने एक गोष्ट अगदी न चुकता केली. तुकडा कापून झाला की वेटोळे जरा मोठे आणि सैल घालायचे, म्हणजे दोर भरगच्च दिसतो. खांबावर बघितले तर मी पहिल्यापेक्षा गुबगुबीत वाटत होतो. शनिवारी पाळीचा माणूस यायचा, माझ्याकडे नजर टाकायचा आणि 'ठीक' लिहून गळाला आमिष लावायला पळायचा. मला उलगडून बघावे असे कोणालाच वाटले नाही. जो तो समजत होता की आपण एकच तुकडा नेला, बाकीचा दोर शाबूत आहे.

मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण तोंड नाही, म्हणून मी वाऱ्यावर खांबाला आपटत राहायचो. त्याचा आवाज होतो म्हणून अण्णांनी माझ्यात एक चिंधी कोंबली.

तो शनिवार होता आणि पाळी टेलरताईची होती. दूर कुठेतरी वादळ होऊन गेले होते. वारा पडला होता, पण समुद्राच्या पोटात अजून खळबळ होती. दहा-बारा लाटा गुमान यायच्या आणि मधूनच एखादी धक्क्याच्या पायऱ्या चढून वर यायची. तिसऱ्या प्रहरी ओहोटी लागली होती. आदल्या दिवशी पाहुणा आल्याची बातमी होती, त्यामुळे सगळ्यांचे हात शिवशिवत होते. टेलरताई घाईघाईने आली, माझ्यावर एक नजर टाकली, पाटीवर 'ठीक' लिहिले. मग एका लाटेने तिची आमिषाची बादली घसरत कडेपर्यंत नेली. तिने ती झडप घालून पकडली. बादली लोखंडी खुंटाला बांधायला दोरी हवी होती. तिने मागे वळून माझ्याकडे बघितले.

तिने एकच वाव घेतला. चाकू तिच्या कमरेलाच होता. मी अकरा वाव उरलो.

तासाभराने दाजींची काठी वाकली. अशी वाकली की अण्णा स्टुलावरून उठून उभे राहिले. रीळ करकरत फिरू लागले. पाहुणा होता आणि चांगला मोठा होता. दाजी त्याला खेळवत खेळवत धक्क्याजवळ घेऊन आले, पण वजन इतके की उचलून वर घ्यावा तर तंगूस तुटणार. तंगूस म्हणजे गळाची ती काचेसारखी पातळ दोरी. दाजी पायऱ्यांकडे वळले.

"दाजी, खाली उतरू नकोस," अण्णा म्हणाले. "पायऱ्यांवर शेवाळ आहे."

"दोनच पायऱ्या, अण्णा. हाताशी आलेला पाहुणा काय दारातून परत पाठवायचा?"

"दाजी, थांबा, मी आकडा घेऊन येते," टेलरताईने स्वतःची काठी खाली ठेवत म्हटले.

दाजी दोन पायऱ्या उतरले, मग तिसरी. त्यांनी वाकून माशाच्या कल्ल्यात बोटे घातली आणि हसत वर बघितले. तेवढ्यात ती लाट आली. फार उंच नव्हती. तिने पायरी भरली, दाजींच्या गुडघ्यांना वेढा घातला आणि परत जाताना त्यांना सोबत घेऊन गेली. काठी, मासा आणि माणूस, सगळे एकदम नाहीसे झाले. क्षणभर पायरीवर नुसता फेस होता.

मग डोके वर आले, धक्क्यापासून चार-पाच वाव आत. ओहोटीचा ओढा त्यांना सरळ खडकांच्या रांगेकडे नेत होता. त्या खडकांवर लाटा फुटत होत्या आणि तिथे एकदा माणूस गेला की त्याला बांगडीचाही उपयोग नाही, हे धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होते.

पोस्टमन धावत खांबाकडे आला. त्याने बांगडी उचलली, दोन पावले मागे गेला आणि सगळी ताकद लावून फेकली. मी वेटोळ्यांतून सरसर सुटू लागलो. अण्णांनी कोंबलेली चिंधी कुठल्या कुठे उडाली. बांगडी पाण्यावर पडली आणि ओहोटीने तिला उचलले. अगदी ठरले होते तसेच झाले. ती दाजींच्या मागोमाग निघाली आणि त्यांच्याहून जलद. आठ वाव. नऊ. दाजींनी ती बघितली, बूट झटकून टाकले आणि हात मारायला सुरुवात केली. दहा. त्यांच्या आणि तिच्या मध्ये दीड-दोन वाव पाणी उरले असेल.

अकरा. मला हिसका बसला.

मित्रांनो, मी खूप ताण सहन केला आहे, पण तो हिसका मला जन्मात विसरता येणार नाही. मी पाण्यातून वर उचललो गेलो आणि ताठ झालो. बांगडी जागच्या जागी गरकन फिरली. दाजींचा पसरलेला हात तसाच पुढे पुढे जाऊ लागला, तिच्यापासून लांब.

"सोड ना दोर," अण्णा पोस्टमनला म्हणाले. "अडकला कुठे?"

"अडकला नाही. संपला." पोस्टमन मागे वळून खांबाकडे बघू लागला. "अण्णा, दोर संपला. अठरा वाव होता ना हा?"

टेलरताई माझ्याकडे बघत होती. मग तिने लोखंडी खुंटाकडे बघितले, जिथे माझ्या तुकड्याने तिची बादली बांधलेली होती. तिचा चेहरा असा झाला की मला तिच्यासाठी वाईट वाटले, खरेच वाटले.

दुसऱ्या क्षणी ती खांबाजवळ होती. "तोडते मी हा," ती म्हणाली.

"अगं, तोडलास तर बांगडी पण जाईल," पोस्टमन म्हणाला. "हातात काहीच राहायचं नाही."

"हातात ठेवून काय करायचंय? दाजी जातायत तिकडंच ती जाईल. जाऊ दे."

तिने खांबाजवळ मला कापले. सुटताच मी बांगडीमागे निघालो, माझे मोकळे टोक पाण्यावर वळवळत होते. आता आम्हाला परत आणणारे कोणीही नव्हते. बांगडी दाजींपर्यंत पोहोचली तेव्हा त्यांचे डोके दुसऱ्यांदा पाण्याखाली गेले होते. आधी नुसता एक हात वर आला. त्या हाताने बांगडीची कड धरली. मग त्यांनी मला पकडले आणि मनगटाभोवती दोन, तीन वेढे दिले. त्यांचे दात वाजत होते. "ए, धर रे," असे ते मलाच म्हणाले. मी धरले.

खडकांचा आवाज जवळ येत होता. मला धक्का दिसत होता आणि धक्क्यावर तिची लहानशी आकृती. तिने काठी उचलली होती. तिच्या तंगुसाच्या टोकाला एक शिसे होते, त्याला तारेचे चार पाय असतात, वाळूत रुतून बसावे म्हणून. त्याच्या वर गळ. गळ दाजींच्या डोळ्यात-गालात घुसला असता. तिने चाकूने गळ कापून टाकला. तेवढा वेळही फार होता, पण तिने तो घेतला.

पहिली फेक आखूड पडली. दुसरी लांब गेली, पण बाजूच्या वाऱ्याने तंगूस वळवून टाकले आणि शिसे आमच्यापासून दूर बुडाले. तिने ते गोळा केले. रीळ फिरवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आम्ही आणखी दोन वाव पुढे गेलो. पहिल्या फुटक्या लाटेचे तुषार माझ्यावर पडले.

"सावकाश," अण्णा तिला म्हणाले. त्यांनी मागून तिची कंबर धरली होती, ती टोकाच्या इतक्या कडेला उभी होती. "मासाच आहे असं समज."

"मासा नाहीये ना पण, अण्णा. ताईचा नवरा आहे."

तिसऱ्या वेळी तिने आमच्याकडे बघितलेच नाही. वारा येत होता त्या बाजूच्या मोकळ्या पाण्याकडे तोंड केले आणि फेकले. शिसे वर गेले, वाऱ्याने आत वळले आणि आमच्या पलीकडे पडले. तंगूस माझ्या अंगावर आडवे आले. तिने हळूहळू ओढायला सुरुवात केली. तारेचा एक पाय माझ्यावरून घसरला. दुसरा घसरला. तिसरा माझ्या तीन पेडांच्या मधे शिरला आणि अडकला. मी होते नव्हते तेवढे बळ एकवटून पीळ आवळला. तुम्ही म्हणाल, दोराला कसले आले बळ. पण मी आवळला.

तिने रीळ सैल केले. ही तिची खरी कला. पाणी आत ओढत होते तेव्हा ती तंगूस सोडत होती, बोटाने जेमतेम दाबून. लाट धक्क्याकडे निघाली की ती तिच्याबरोबर भराभर गुंडाळत होती. दाजींचे वजन लाटेवर टाकायचे, तंगुसावर येऊ द्यायचे नाही. दोन वाव धक्क्याकडे, एक वाव परत. तीन धक्क्याकडे, दीड परत. एवढा मोठा बाप्या आणि एवढासा धागा. तिच्या बोटाचे कातडे सोलून निघाले होते.

धक्क्यापासून दोन वावांवर तंगूस तुटले. पण तोवर पोस्टमन खालच्या पायरीवर पालथा पडला होता, कमरेपर्यंत पाण्यात, आणि त्याच्या हातात लांब दांड्याचा आकडा होता. त्याने तो माझ्यात अडकवला. माझ्यावरून त्याचे हात सरकत सरकत दाजींच्या मनगटापर्यंत गेले आणि त्याने ते मनगट धरले.

दाजींना वर घेतले तेव्हा त्यांची मूठ उघडेना. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, उबेत ठेवा. मूठ मात्र मिटलेलीच. शेवटी मला बांगडीपासून सोडवून त्यांच्यासकट घरी नेले आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे ताईने, गरम पाण्याच्या फडक्याने एकेक बोट शेकून सोडवले. मग मला धुऊन खिडकीत वाळत घातले. समोर खाट, खुंटीवर बसचालकाचा खाकी शर्ट, तिपाईवर औषधाची बाटली. मी प्रथमच घर बघत होतो. ताई येता-जाता माझ्यावरून हात फिरवायची. "ह्याचे उपकार फेडायचे कसे," म्हणायची. असे मला आजवर कोणी बोलले नव्हते, पण मी सात वाव कमी होतो हे तिला कोणी सांगितले नव्हते.

दोन दिवस माणसांची रीघ लागली. जो तो टेलरताईचे गुण गात होता. मेहुणी असावी तर अशी, असे म्हणत होता. दाजी घोगऱ्या आवाजात सांगत होते, "दहा वर्षं टपून बसली होती, शेवटी लावलंच मला गळाला." सगळे हसायचे. टेलरताई कोपऱ्यात बोटाला पट्टी बांधून बसलेली असायची. ताईने वाढलेले ताट तिने दोन्ही दिवस तसेच बाजूला सारले.

तिसऱ्या दिवशी बंदराचे साहेब आले. त्यांना अहवाल लिहायचा होता. सोबत पोस्टमन आणि अण्णा होते. ताईने सगळ्यांना चहा दिला. साहेबांनी विचारले, "बांगडी माणसापर्यंत का पोहोचली नाही? दोर किती होता?"

पोस्टमन चटकन म्हणाला, "दोर तुटला साहेब. लाटेनं. जुना झाला होता."

साहेबांनी लिहायला घेतले. सगळे संपल्यासारखे झाले. धक्का उघडा राहणार, पाहुण्याचे पाच आठवडे बाकी होते, नाव कोणाचेच जाणार नव्हते. दोष माझ्या एकट्याच्या माथी. मी खिडकीत वाळत होतो. माझे खांबाकडचे टोक चाकूने सरळ कापलेले होते, कोणीही बघितले असते तर समजले असते.

"तुटला नाही," टेलरताई म्हणाली.

पोस्टमनने तिच्याकडे डोळे वटारले. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती बहिणीकडे बघत होती.

"कापलाय आम्ही. थोडा थोडा करून. ताई, शेवटचा तुकडा मी कापला. त्याच दिवशी, तासभर आधी. बादली बांधायला. पाटीवर 'ठीक' पण मीच लिहिलं."

ताईच्या हातात ट्रे होता. तो तिने खाली ठेवला नाही.

"तिला एकटीला नका बोलू," दाजी खाटेवरून म्हणाले. "पहिला मी कापलाय."

"मी स्टुलाला घेतला," अण्णा हळूच म्हणाले. पोस्टमनने मान खाली घातली.

ताईने बहिणीकडे बघितले, मग नवऱ्याकडे. "म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून," ती म्हणाली आणि ट्रे घेऊन वळली. ती आत निघून गेली. साहेबांनी लिहिलेले पान फाडले आणि नवे घेतले.

धक्क्याला साखळी लागली, पुढच्या शरद ऋतूपर्यंत. त्या वर्षीचा पाहुणा येऊन गेला आणि त्याला कोणी भेटले नाही. ताई धाकटीशी बोलणे सोडा, तिच्या दुकानासमोरून जाताना रस्ता बदलू लागली. टेलरताईने मला दुकानात नेले. बंदरातल्या एका जुन्या खलाशाकडून शिकून घेतले आणि माझ्या उसवलेल्या पेडांत नव्या दोराचे पेड गुंफून सात वाव जोडले, कुठेही गाठ न मारता. गाठ अडकते, म्हणून. मी आता अकरा वाव फिकट आणि सात वाव नारिंगी असा दुरंगी आहे. दिसायला जरा विचित्र दिसतो, पण पुन्हा अठरा भरतो.

मित्रांनो, मला कोणी मुद्दाम तोडले नाही. मला थोडे थोडे घेतले गेले आणि घेणारी सगळी भली माणसे होती. तुमच्याही आसपास अशा वस्तू असतील, सगळ्यांच्या मालकीच्या आणि खुंटीवर टांगलेल्या. त्यांच्याकडे लांबून बघून 'ठीक' लिहू नका. हात लावा, उलगडून बघा. कोणासाठी केव्हा त्यांची गरज पडेल ते त्यांनाही सांगता येत नाही. एवढेच मागणे आहे.

पुढच्या शरद ऋतूत साहेबांनी साखळी काढली. पहिल्या शनिवारी मंडळी जमली, पण कोणी काठी उघडली नाही. अण्णांनी मला खांबावरून काढले आणि धक्क्यावर लांबच लांब उलगडले. तेवढ्यात मागून ताई आली. ती या धक्क्यावर कधीच आलेली नव्हती. मासळीचा वास तिला सोसत नसे. ती माझ्या कडेकडेने शेवटपर्यंत चालत गेली, माझे नारिंगी टोक उचलले आणि हाताला एक वेढा देऊन ओढून बघितले. दोनदा ओढले. टेलरताई काठी तशीच हातात धरून उभी होती.

"हं," ताई म्हणाली. तिने धाकटीकडे बघितले नाही, पण म्हणाली तिलाच. "आता टाक गळ."

तेव्हापासून दर शनिवारी ती येते.